गडग्याच्या बाजूचे बोल्ट

इथले भुताखेतांचे अनुभव मी मुलांना शाळेत सोडून झालं की व्हॅनमध्ये बसून वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई म्हणे आमच्या रत्नागिरीतल्या प्रत्येक वळणावर उभी असते... मी इतकी वर्षं गाडी चालवतेय, मला एकदाही हात दाखवला नाही तिने. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जे झालं ते कुणाला तरी पहिल्यापासून नीट सांगायचंय. नवऱ्याला सांगितलं तर तो मुंबईहून फोनवर म्हणाला, "तू जेवली नव्हतीस का त्या दिवशी?" जेवले होते. पोटभर.

तर, मी शाळेची व्हॅन चालवते. स्वतःची आहे, जुनी आहे, आणि ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय. डाव्या बाजूला सरकतं दार. हे दार बाहेरच्या अंगाला बसवलेल्या एका लोखंडी पट्टीवरून पुढेमागे सरकतं. ती पट्टी झिजली होती, दार खडखडायचं, मी रोज 'उद्या बघू' म्हणायचे. सुट्टी लागायच्या दिवशी शाळेच्या फाटकासमोरच दार पट्टीवरून उतरलं आणि एका बाजूने लोंबकळायला लागलं. दुसरीतली एक पोर नुकतीच खाली उतरली होती. कुणाला काही लागलं नाही. मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या, दार बघितलं आणि म्हणाल्या, "हे दार धड झाल्याशिवाय एकही मूल यात बसणार नाही." बरोबरच बोलल्या. त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्या व्हॅनची चौकशी सुरू झाली. सुट्टी संपायच्या आत दार झालं नाही तर माझी सगळी मुलं जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि एकदा गेलेली मुलं परत येत नाहीत.

दत्तामेस्त्रींकडे गेले. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर फणसाचं झाड. मेस्त्री साठीला आलेले, सडपातळ, आणि गाडीपेक्षा गाडीवाल्याला जास्त ओरडणारे. माझी व्हॅन घेतल्यापासून तेच बघतात. दार बघून मला आधी शिव्या बसल्या, मग म्हणाले, "वैनी, नवीन पट्टी आता देवाकडं पण मिळायची नाय. पण यार्डात तुमच्या गाडीची भावंडं हायत. मी काढून आणतो. तुम्ही नाचू नका."

मी निश्चिंत झाले. भंगार यार्डात मी त्यांच्याबरोबर बरेचदा गेले होते. त्यांच्या हाताखाली कोणी टिकत नाही — ओरडतात ना! — मग पलीकडून धरायला मीच. यार्डात जुन्या गाडीचा भाग काढायचा म्हणजे फाडून काढायचा असं मला आधी वाटायचं. एकदा मी एक आरसा ओढून काढायला गेले तर मेस्त्री केवढ्याने खेकसले. म्हणाले, "तुम्हाला आरसा हवा, उद्या कुणाला तरी तेच दार हवं असेल. त्याची सोय नको ठेवायला?" ते कधी वायर कापत नाहीत, क्लिप सोडवतात. उघडलेलं बॉनेट बंद करून निघतात. आणि पार्ट काढून झाला की सुटे झालेले बोल्ट परत त्यांच्या भोकांत हाताने फिरवून ठेवतात, म्हणजे पुढच्या माणसाला गवतात शोधत बसायला नको. डॅशबोर्डवर चिकटवलेला देव राहिला असेल तर तो सोडवून हसनचाचांच्या हातात द्यायचा. हसनचाचा म्हणजे यार्डाचे मालक. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत असे कितीतरी गणपती आणि साईबाबा ओळीने बसलेले आहेत, आणि चाचा त्यांच्यावरची धूळ रोज झटकतात.

आणखी एक रीत आहे तिथली, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. यार्डात क्रेन आणि कटर चालू असतात, हाका ऐकू येत नाहीत. काही बोल्ट असे असतात की बाहेरून बोल्ट फिरवायचा आणि आतून कोणीतरी नट धरायचा, नाहीतर दोन्ही एकत्र गरागरा फिरत राहतात. असं अडलं की माणूस पान्याने पत्र्यावर वाजवतो — टक टक. म्हणजे 'पलीकडून धरा'. जो जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून जायचं, ओळख असो नसो. आणि काम झालं की एकदाच टक. म्हणजे 'सोडा'. ती एक टक वाजेपर्यंत सोडायचं नाही, हात गळून पडला तरी. मेस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं होतं.

मेस्त्रींचा निरोप येईना. फोन बंद. गॅरेजवर गेले तर शटर खाली. दोनदा गेले, दोन्ही वेळा तेच. शेजारचा टायरवाला पण दिवाळीला गावी गेलेला. आता माझा स्वभाव सांगते — मला राग पटकन येतो. मेस्त्री दाभोळला बहिणीकडे भाऊबीज खात बसले असतील, आणि इथे माझी मुलं चालली, असं म्हणत मी घरभर भांडी आपटली. शाळा सोमवारी उघडणार होती. शुक्रवारी सकाळी मी जेवण उरकलं, नवऱ्याच्या पेटीतले चार पाने पिशवीत टाकले आणि रिक्षाने एकटीच यार्डात गेले.

हसनचाचा लांब क्रेनपाशी होते, एक चेपलेला टेम्पो उतरवून घेत होते. मला बघून त्यांनी हाताने 'आत जा' म्हणून खूण केली आणि ओरडून सांगितलं, "मागची रांग नमाजनंतर कापायला घेणार हाय! काय हवं ता आधी काढा!" म्हणजे माझ्याकडे वेळही फार नव्हता.

आत माझ्या गाडीसारख्या दोन व्हॅन दिसल्या. पहिलीची पट्टी गंजून चाळणी झालेली. दुसरीची बरी दिसत होती, पण शेवटाला वाकलेली, दार तिथेच अडकलं असतं. तरी म्हटलं, बघू ठोकून सरळ होतेय का. मी गुडघ्यावर बसून पाना लावत होते, एवढ्यात मागच्या रांगेकडून आवाज आला.

टक टक.

मी दुर्लक्ष केलं. खोटं कशाला बोलू, मला माझी पडली होती. थोड्या वेळाने परत — टक टक. घाई नाही, त्रागा नाही, आपण दार वाजवून बाहेर थांबतो तसं. मी आजूबाजूला बघितलं. दुसरं कुणी गिऱ्हाईक दिसत नव्हतं आणि चाचांची माणसं क्रेनपाशी. म्हणजे जवळची मीच. मेस्त्री डोक्यात बसलेले ना... मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवले, पाना ठेवला आणि गेले.

मागच्या रांगेत, जांभ्या दगडाच्या गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या कडेला एक राखाडी व्हॅन उभी होती. माझ्याच मॉडेलची! आवाज तिच्या पलीकडच्या बाजूने येत होता. माझ्या बाजूचं, ड्रायव्हरकडचं दार उघडं होतं. आत शिरले. सीट काढून नेलेल्या, आतला पुठ्ठाही काढलेला, त्यामुळे पलीकडच्या पत्र्याचे नट उघडे दिसत होते. एका नटावर रिंग पाना आधीच अडकवून ठेवलेला. पान्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पलीकडच्या काचेवर लाल धूळ इतकी जाड होती की बाहेरचं काही दिसत नव्हतं. माणूस खाली बसला असणार, असं मी धरून चालले.

"धरलाय हां!" मी ओरडले आणि दोन्ही हातांनी पाना पकडला.

आधी उलट्या दिशेला एक हलका हिसका आला. मग खरा जोर. बोल्ट कुईं करून सुटला. मी दुसऱ्या नटावर पाना लावला — परत तसंच. आधी हलका हिसका, मग जोर. मला बरं वाटलं, कारण बाहेरून एकदम ताकद लावली तर आतल्या माणसाची बोटं पत्र्यावर आपटतात. त्या छोट्या हिसक्याने कळतं की आता सांभाळ. म्हटलं, चांगल्या माणसाकडे शिकलेला दिसतोय.

शेवटचा बोल्ट मात्र हट्टी. त्याचा लावायचा जोर, माझा धरायचा जोर, दोघं इरेला पेटलेलो. माझी मनगटं भरून आली. "दमा हो जरा!" मी ओरडले. जोर लगेच थांबला. मी हात झटकले, ओढणी तळहाताला गुंडाळली, पुन्हा धरला आणि म्हटलं, "चला." आला तो हलका हिसका. मग जोर, सावकाश वाढत गेलेला. मी डोळे मिटून दात आवळून धरून होते आणि मला उगाचच वाटलं की पलीकडचा माणूसही तसंच करतोय. कडाक् करून बोल्ट सुटला. पत्र्यावरून काहीतरी घासत गेल्याचा आवाज. मग बराच वेळ बारीक खुडबुड.

आणि एकदा — टक.

मी पाना सोडला, बाहेर आले आणि त्या माणसाला विचारायला निघाले की बाबा, ही पट्टी तुला कशाला हवीय, मला देतोस का? व्हॅनला वळसा घालून पलीकडे गेले... आणि पलीकडे जागाच नव्हती.

व्हॅन गडग्याला अक्षरशः चिकटवून उभी केलेली. मधल्या फटीत माझा तळहात आडवा जात नव्हता, उभा जेमतेम गेला. पुढच्या तोंडाशी फटीवर कोळ्याचं जाळं होतं, अख्खं. मांजर बसलं नसतं तिथे. मागच्या टोकाला मात्र फटीतून पट्टीचं टोक बाहेर आलेलं. ओढलं तर पट्टी अलगद हातात आली. सरळ, न झिजलेली, जशी मला हवी होती तशी. मोबाईलचा टॉर्च लावून फटीत बघितलं. सगळे बोल्ट परत आपापल्या भोकांत फिरवून ठेवलेले होते.

तेव्हा मला भीती नाही वाटली, राग आला. "कोण मस्करी करतंय रे?" म्हणून मी ओरडले. गडग्यावर चढून पलीकडे बघितलं. काजूची झाडं आणि वाळकं गवत. चिटपाखरू नाही.

हसनचाचा माझा आवाज ऐकून धावत आले. माझ्या हातातली पट्टी बघून म्हणाले, "ही कुठून काढलीत?"

"ह्या राखाडी गाडीची."

"ह्या? कशी? ही तर भिंतीला लावलेली हाय." त्यांनी फटीत हात घालून बघितला, मग पाना घालून बघितला. पाना फिरायला जागाच नाही. चाचा माझ्याकडे वळले. "वैनी, तुम्ही मेस्त्रींच्या बरोबर येता ना? तुम्हाला कोणी सांगितला नाय?"

"काय सांगितलं नाही?"

"मेस्त्री ह्याच गाडीपाशी पडले. सुट्टी लागली तेव्हा. ही पट्टीच काढीत होते. एक बोल्ट सुटला होता, बाकीचे निघत नव्हते म्हणून टकटक करीत होते. मी क्रेनवर, मला ऐकायला नाय आला... येऊन बघतो तर आडवे पडलेले. मग आम्ही उचलून सिव्हिलला नेला. नंतर जागा हवी म्हणून गाडी क्रेनने इथं सरकवली."

मी भांडी आपटत होते तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. "गेले?" एवढंच मला विचारता आलं.

"नाय हो! घरी हायत. अर्ध्या अंगावरून वारा गेला. उजवी बाजू. बोलणं पण गेला."

मी परत व्हॅनमध्ये शिरले आणि तो नटावरचा पाना काढून बघितला. ट्यूबची पट्टी सगळेच मेस्त्री गुंडाळतात, पण हिच्या शेवटाला तांब्याची तार बांधलेली होती. ती तार माझ्यासमोर बांधली होती मेस्त्रींनी. आणि तो हलका हिसका... दुसऱ्या कुणाला मी तसं करताना कधी बघितलेलं नाही. इतक्या वेळा धरलंय मी, मला तेव्हाच कसं कळलं नाही!

मेस्त्रींचं घर मिरजोळे गावात, यार्डापासून जवळच. पट्टी एका हातात, पाना पिशवीत, अशी मी पायीच गेले. सुमनवैनी, म्हणजे त्यांची बायको, पडवीत बसली होती. मला बघून तिचे डोळे भरले. "तुमचं नाव घेता येत नाय त्यांना," ती म्हणाली, "पण दाराकडं बोट करून काहीतरी सांगत राहतात. आम्हाला वाटायचा वारा लागतो, दार लावायला सांगतायत. लावला तरी तेच. रोज लावतो, उघडतो, लावतो."

मला कळलं ते कुठल्या दाराचं सांगत होते. मी पट्टी तिला दाखवली.

"आज मघाशी तर काय झाला म्हणून सांगू," ती म्हणाली. "उजवा हात, ज्यात जीव नाय म्हणतात डॉक्टर, तो असा आवळून धरलानी की मला सोडवता येईना. घामाने अंग थबथबलेला. मधेच सैल सोडलानी, मग परत आवळलानी. मी घाबरून रडायलाच लागले. आणि मग एकदम हात पडला आणि म्हणाले, 'निघाला.' स्पष्ट! पडल्यापासून पहिला शब्द. मी मूठ उघडून बघते तर..."

ती उठली आणि मोरीतला टॉवेल घेऊन आली. पांढऱ्या टॉवेलवर काळं ग्रीस. "सकाळीच मी त्यांना पुसून काढलेला. पंधरा दिवसांत पाना कुठं आणि ग्रीस कुठं... तुम्हीच सांगा."

मी माझा तळहात तिला दाखवला. त्यावर पान्याचा लाल वळ होता.

मेस्त्री आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी वाढलेली. मला बघून डावा हात हलला. मी पट्टी त्यांच्या छातीपाशी धरली. त्यांनी डाव्या बोटांनी ती टोकापासून टोकापर्यंत चाचपली, कुठे वाकलीय का ते बघितलं — खरंच, त्या अवस्थेत! मग तोंडाने खूप प्रयत्न करून म्हणाले, "दा...र."

"लागेल मेस्त्री. आता लागेल," मी म्हटलं आणि मग मला रडू आवरेना. ह्या माणसाच्या नावाने मी किती बोटं मोडली होती, आणि हा इथे पडल्या पडल्या माझ्या दारासाठी जीव टाकत होता.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या एका पोरगेल्या मेकॅनिकने पट्टी बसवली. दार आता एका बोटाने सरकतं. सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः दोनदा उघडून लावून बघितलं. माझी सगळी मुलं माझ्याकडेच आहेत.

खुलासा म्हणाल तर मी खूप डोकं चालवलं. बोल्ट आधीच ढिले असतील? मग माझ्या हातावरचा वळ कशाचा? ग्रीस खाटेचं असेल? त्या खाटेला ग्रीस कुठेच नाही, मी सगळीकडे हात फिरवून बघितला. हसनचाचांनी ती गाडी कापायला लावली नाही, अजून तिथेच आहे. ते म्हणतात अल्ला जाणे. डॉक्टर म्हणाले लुळ्या हातालाही असा झटका कधी कधी येतो. येत असेल. पण पलीकडून कोण जोर लावत होतं, हे मला कुणीच सांगितलेलं नाही, आणि मलाही सुचत नाही.

एक राहिलं. त्या दिवशी मी निघायला उठले तेव्हा मेस्त्रींनी डाव्या हाताने खाटेच्या लोखंडावर नखाने वाजवलं. टक टक. सुमनवैनीला काही कळलं नाही. मी वळले, खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला. थंड होता, वजनदार होता. बराच वेळ काही नाही. मग बोटांत एक अगदी बारीकसा हिसका जाणवला, उलट्या दिशेला.

तेव्हापासून मुलांना सोडून झालं की मी रोज दुपारी तिथे जाते. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलेले व्यायाम आम्ही करतो, मी धरते आणि ते जोर लावतात. परवा अंगठा हलला. निघताना मी विचारते, "सोडू का मेस्त्री?" ते डावा हात खाटेवर नेतात आणि तसाच ठेवतात, वाजवत नाहीत. मग मी परत बसते.